मदत हवी आहे: ‘पार्कलँड’ला मराठीत काय म्हणावं?

भूगोलाच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर चालू आहे. त्यात ‘पार्कलँड’ तीन ठिकाणी येतो: इंग्लंडमधल्या जमीनदाराच्या वाड्याभोवतीची जमीन, कॅनडातला ‘अ‍ॅस्पेन पार्कलँड’ आणि पश्चिम आफ्रिकेतली शेतं. सगळीकडे ‘उद्यान’ घातलं तर आफ्रिकेतला शेतकरी बागेत बाजरी पेरतोय असं वाटतं. ‘माळरान’ चालेल का?

प्रतिसाद १

माळरान नको. माळ म्हटलं की उथळ माती, खडक आणि चुकून एखादं झाड. पार्कलँडमध्ये मोठी झाडं हवीतच, पण सुटी-सुटी, आणि खाली गवत.

मुळात ‘पार्क’ म्हणजे शिकारीची हरणं ठेवायला कुंपण घातलेलं रान. फुलांचे वाफे फार पुढचे. हरणं, मेंढ्या कोवळी रोपं खातात म्हणून खाली झुडपं माजत नाहीत, आणि तोंड पोचेल तिथवरचा पालाही जातो. त्यामुळे झाडांचा घेर खालून कातरल्यासारखा सपाट दिसतो. इंग्लंडसाठी मी ‘वृक्षकुरण’ घेईन. कुरण म्हणजे राखलेलं गवत, त्यामुळे कुंपणाचा अर्थही आपोआप येतो. (‘गायरान’ मात्र टाळा, ती गावाची सामाईक जमीन. वाडेवाल्याची खाजगी जमीन म्हणजे नेमकं उलट.)

कॅनडातलं प्रदेशाचं नाव आहे, ते तसंच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ जोडा: दक्षिणेची प्रेअरी आणि उत्तरेचं सूचिपर्णी जंगल यांच्यामधला, गवतात अ‍ॅस्पेनच्या राया असलेला पट्टा.

आफ्रिकेत ‘झाडं राखलेली शेतं’ असं सरळ लिहा. शेत साफ करताना शिआ, फैदर्बिया अशी उपयोगाची झाडं मुद्दाम ठेवतात. फैदर्बिया पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणून खालच्या पिकाला ऊन मिळतं. ‘वृक्षशेती’ लिहिलंत तर वाचक लागवड समजेल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त ‘उद्यान’ अगदीच बाद करू नका. ‘राष्ट्रीय उद्यान’ रूढ आहे, तिथे कुणाला वाफे आठवत नाहीत. शहराच्या संदर्भात ‘उद्यानभूमी’ चालेल, उदा. अ‍ॅडलेड: तिथे १८३७च्या आराखड्यातच शहराभोवती मोकळ्या जमिनीचं कडं सोडलं होतं.

धागाकर्ता

दोघांचे आभार. मग ‘वाड्याभोवती २०० एकर पार्कलँड’ हे ‘२०० एकरांचं वृक्षकुरण’ करू?

प्रतिसाद १

हो. पण आधी त्या परिच्छेदात चराईचा उल्लेख आहे का पाहा. जनावरं नसून नुसती हिरवळ आणि झाडं असतील तर ‘कुरण’ खोटं पडेल, तिथे ‘उपवन’ बरं.