बोन मॅरोसाठी मॅच आलाय, घरी विरोध आहे. 'हो' म्हणण्याआधी काय काय विचारून घेऊ?

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

कॉलेजात असताना एका शिबिरात गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना दिला होता आणि स्टेम सेल (मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या मगजातल्या, रक्त बनवणाऱ्या पेशी) दात्यांच्या नोंदणीत नाव घातलं होतं. मैत्रिणी देत होत्या, मीही दिला. फार विचार केला होता असं अजिबात नाही. नंतर नोकरी, लग्न, मूल यात ते डोक्यातून पार गेलं. आणि आता नोंदणी संस्थेतून फोन आला: एका रुग्णाशी तुमचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळतंय असं दिसतं, खात्रीच्या तपासणीसाठी रक्त द्यायची तयारी आहे का? रुग्ण प्रौढ आहे आणि आजार रक्ताचा कर्करोग आहे, यापलीकडे काही सांगितलं नाही. सांगणारही नाहीत म्हणे.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. विचार करायला वेळ मागून घेतला.

घरी आईचा कडक विरोध. "मणक्यात सुई घालतात, कंबर कायमची जाते" हे तिचं पालुपद. मणक्याला कोणी हात लावत नाही, मॅरो घेतात तो मागच्या बाजूने कमरेच्या हाडातून, आणि हल्ली बहुतेकदा तोही नाही, दंडाच्या शिरेतूनच पेशी घेतात, एवढं मी वाचलंय आणि तिला समजावलंय. पण तिचा दुसरा प्रश्न मला खोडता येईना: "उद्या तुझ्या भावाला लागलं, तुझ्या लेकीला लागलं, तर काय देशील?" नवरा म्हणतो, तुझं शरीर आहे, तू ठरव. म्हणतो आणि मोबाइल बघत बसतो. ह्याला पाठिंबा म्हणायचं की काय ते तुम्हीच सांगा.

रक्तदान मी करत आलेय, सुईची भीती नाही. भीती वेगळीच आहे. आता रक्त दिलं, सगळं जुळलं, आणि मग ऐनवेळी माझा धीर सुटला किंवा मुलगी आजारी पडली तर? कुठपर्यंत 'नाही' म्हणता येतं? आणि कुठल्या टप्प्यानंतर ते म्हणणं म्हणजे समोरच्याचा जीव घेणं होतं? फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती, पण "तुम्ही कधीही माघार घेऊ शकता" यापुढे ती जाईना.

शिवाय ते पेशी वाढवणारं इंजेक्शन. निरोगी माणसाला औषध टोचून त्याच्या रक्तात मॅरोच्या पेशी उतरवायच्या, याचे पुढे काही परिणाम? कोणी स्वतः दिलंय का? कामावर किती दिवसांनी गेलात? लहान मूल उचलता येतं का?

एक विनंती. श्रेष्ठ दान, पुण्य वगैरे कृपया नको. ते मला माहीत आहे आणि त्याचा निर्णयाला उपयोग होत नाहीये.

प्रतिसाद १

अभिनंदन ताई! याहून मोठं पुण्य नाही. बिनधास्त द्या. 🙏

प्रतिसाद २

(वरच्यांनी शेवटची ओळ वाचलेली दिसत नाही.)

मी दिलंय, शिरेतून. आधी चार-पाच दिवस रोज जी-सीएसएफचं (तेच पेशी वाढवणारं) इंजेक्शन, पोटावर किंवा दंडावर, कातडीखाली. सुई बारीक असते, टोचण्याचं काही नाही. त्यानंतर जे होतं त्याला मात्र नावं ठेवीन. तिसऱ्या दिवसापासून कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड असं आतून ठणकायला लागलं. फ्लूच्या आधी अंग मोडून येतं, तसंच पण हाडांत. डोकंही दुखलं. रात्री कूस बदलताना जाग यायची. पॅरासिटामॉलवर निभावलं. 'काही त्रास होत नाही' असं कोणी सांगितलं तर त्याने दिलेलं नाही असं समजा. पण पेशी काढून झाल्या की एक-दोन दिवसांत हे सगळं उतरतं, हेही तितकंच खरं.

प्रत्यक्ष देताना एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, स्टेम सेल वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत. चार ते सहा तास. हात वाकवायचा नाही, त्यामुळे नाक खाजलं तरी नर्सला हाक मारायची! मध्येच ओठांना मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात ते कॅल्शियम पकडतं. सांगितलं की लगेच कॅल्शियम देतात. सांगायला लाजू नका. कधी पेशी कमी पडल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात.

मूल उचलण्याबद्दल: इंजेक्शनच्या काळात प्लीहा (पोटात डावीकडे असते ती) तात्पुरती मोठी होते. ती फुटण्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत, पण म्हणूनच जड उचलणं, धक्काबुक्कीचे खेळ तेवढे दिवस बंद असं मला बजावलं होतं. लेकीला बसून मांडीवर घ्या, उचलायला नवऱ्याला सांगा. मोबाइल बाजूला ठेवून.

मला दुसऱ्याच दिवशी कामावर जाता आलं असतं, पण मी झोपा काढल्या.

प्रतिसाद ३

मी प्रत्यारोपण विभागात काम करते, डॉक्टर नाही. तुमचा 'कुठपर्यंत' हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून त्यावरच सविस्तर लिहिते.

आत्ता तुमच्याकडे मागितलंय ते फक्त खात्रीच्या तपासणीचं रक्त. एकाच रुग्णासाठी असे अनेक दाते एका वेळी तपासतात. एचएलए पुन्हा बारकाईने बघतात, शिवाय एचआयव्ही, कावीळ बी आणि सी वगैरे चाचण्या. इथून बरेच जण पुढे जातच नाहीत: दुसरा दाता जास्त योग्य निघतो, रुग्णाची तब्येत बदलते, उपचारांचा बेत बदलतो. या टप्प्यावर 'नाही' म्हटलंत तर डॉक्टर पुढच्या नावाकडे वळतात. नावांचा आकडा मोठा वाटावा असाच आहे, जगभरातल्या नोंदण्यांत मिळून चार कोटींहून जास्त नावं आहेत, पण एखाद्या रुग्णाच्या वाट्याला त्यातली मोजकीच येतात. म्हणून नाही म्हणायचं तर लवकर आणि स्पष्ट म्हणा. फोन न उचलणं हा सगळ्यात वाईट नकार. त्यात रुग्णाचे आठवडे जातात.

त्यानंतर तुमची निवड झाली तर तुमची संपूर्ण शारीरिक तपासणी होते. ती तुमच्या भल्यासाठी असते आणि ती करणारा डॉक्टर रुग्णाच्या उपचारांशी संबंधित नसावा असा संकेत आहे. तो भेटला की मनातलं सगळं ओता. सगळं ठीक असेल तर अंतिम संमतीवर सही आणि तारीख. ही सही म्हणजे तुमची खरी सीमारेषा.

कारण त्यानंतर, प्रत्यारोपणाच्या साधारण आठवडाभर आधी, रुग्णाला 'कंडिशनिंग' सुरू होतं. जोरदार केमोथेरपी, कधी किरणोत्सर्गही. त्याने आजारी पेशींबरोबर त्याचा स्वतःचा मॅरोही नष्ट होतो. मग त्याचं शरीर रक्त बनवू शकत नाही आणि तुमच्या पेशी पोचल्या नाहीत तर जीव वाचणं अवघड. कायद्याने तुम्हाला तेव्हाही कोणी धरून नेऊ शकत नाही, फोनवरची मुलगी खोटं बोलली नाही. तिने अर्धंच सांगितलं.

मुलगी आजारी पडली तर? कंडिशनिंग सुरू होण्याआधी असेल तर तारीख पुढे ढकलता येते का ते विचारतात, कधी जमतं कधी नाही. त्यानंतर असेल तर तिच्याजवळ कोण थांबणार हे आधीच ठरलेलं हवं. हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर आज नवऱ्याला विचारला असता. 'तू ठरव' म्हणून त्यातून सुटका नाही.

प्रतिसाद ४

थोडं विरुद्ध लिहितो. लहान मूल आहे, आईचा विरोध आहे, रुग्ण अनोळखी. 'नाही' म्हणणं हाही सभ्य पर्याय आहे आणि त्यासाठी कोणाला कारण द्यायची गरज नाही. नोंदणी करताना वय काय होतं, आता काय परिस्थिती आहे! नातेवाइकांत मात्र घरचे सगळे टक लावून बसलेले असताना नाही म्हणणं खरोखर कठीण. अनोळखी दात्याचं एक बरं, त्याच्यावर तो दबाव नसतो. तो इथे प्रतिसादांतून तयार करू नये.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ४ नंबर, तुमचं पटलं. कोणीतरी हे लिहायला हवं होतं. ३ नंबर, सहीच्या मुद्द्याने डोक्यातला गुंता बराच सुटला, आता तारीख आणि सही यांच्याकडे बघून विचार करता येतो. आईच्या प्रश्नाचं काय? आणि इंजेक्शनने पुढे कर्करोग वगैरे होतो का, हे नवऱ्याने काल विचारलं. (विचारलं हेच खूप.)

प्रतिसाद ३

आईंना सांगा की दिल्याने संपत नाही. मॅरोमधून घेतलं तरी काही आठवड्यांत भरून येतं. पुढे भावाला गरज पडली तर तुम्ही देऊ शकता. पण जुळण्याचं गणित त्यांना वाटतं तसं नाही. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि एक संच आईकडून, एक वडिलांकडून येतो. म्हणून सख्ख्या भावाशी तुमचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. लेकीशी तुमचं निम्मं नक्की जुळतं, पूर्ण सहसा नाही. हल्ली निम्म्या जुळणाऱ्या दात्याकडूनही प्रत्यारोपण होतं, प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन. पण घरात कोणी पूर्ण जुळलं नाही की घरची माणसं आधी नोंदणीकडेच बघतात, आणि तिथे कोणातरी अनोळखी माणसाला असाच फोन जातो. आईंचा प्रश्न उलट्या बाजूनेही विचारता येतो, एवढंच. त्यांच्यावर फेकून मारू नका.

रक्तगट जुळावा लागतो का, हे पुढे त्या विचारतीलच: नाही. उलट प्रत्यारोपण यशस्वी झालं की रुग्णाचा रक्तगट हळूहळू दात्याचा होतो.

इंजेक्शनबद्दल: निरोगी दात्यांना जी-सीएसएफ देणं १९९०च्या दशकात सुरू झालं. मोठ्या नोंदण्यांनी हजारो दात्यांचा पुढची अनेक वर्षं मागोवा ठेवलाय आणि त्यांच्यात रक्ताचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळलेला नाही. तरीही 'शून्य धोका' असं लिहून कोणी देणार नाही, आणि देऊ नये.

हाडातून घ्यायचं ठरलं तर वेगळा हिशेब. पूर्ण भूल, पालथं झोपवून कमरेच्या हाडात दोन्हीकडून सुया, जास्तीत जास्त लिटर-दीड लिटर. त्यात धोका मुख्यतः भुलीचा, आणि कंबर आठवडा-दोन आठवडे ठणकते. काहींची त्याहून जास्त. लहान मुलं आणि अप्लास्टिक अॅनिमिया (मॅरो पुरेसं रक्तच बनवत नाही तो आजार) यांत डॉक्टर बरेचदा हाच मार्ग मागतात, कारण नव्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करण्याचा जुनाट त्रास त्यात कमी होतो. कोणता मार्ग हवा ते रुग्णाचे डॉक्टर सुचवतात, पण तुम्हाला एकच मान्य असेल तर आत्ताच, रक्त देतानाच, तसं सांगून ठेवा.

प्रतिसाद ५

माझ्या बहिणीच्या वेळी पहिल्या दात्याने माघार घेतली. राग आला का? आला. पण त्याने तपासणीच्या टप्प्यावरच सरळ कळवलं होतं, त्यामुळे दुसरा शोधायला वेळ मिळाला. दुसरी दाती कोण, कुठली, आम्हाला माहीत नाही. काही वर्षांनी दोघांची तयारी असेल तर ओळख करून देतात, काही देशांत तेही नाही. बहिणीने निनावी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. ते त्या बाईंचं स्वातंत्र्य.

ताई, एक विचारून ठेवा: याच रुग्णाला पुन्हा लागलं तर? काही वेळा त्याच दात्याकडून नंतर लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी किंवा पुन्हा स्टेम सेल मागतात. आमच्याकडे मागावं लागलं होतं. त्याचं उत्तरही मनात आधी तयार असलेलं बरं.

धागाकर्ती

हे माझ्या यादीतच नव्हतं. लिहून घेतलं.

काल नवरा आणि मी बसलो. तारीख आलीच तर तो रजा घेणार आणि लेकीजवळ थांबणार, आजारी असो नसो. आईला सहीपर्यंतचे टप्पे कागदावर काढून दाखवले. ती हो म्हणालेली नाही. "शिरेतूनच घ्या म्हणावं" इथपर्यंत आलीये. मी तपासणीचं रक्त द्यायचं ठरवलंय आणि सहीचा निर्णय त्या डॉक्टरांना भेटल्यावर. संस्थेला आज तसंच कळवलं, शिरेतून चालेल आणि हाडातून घेण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायचंय हेही.

आता एक बारीक प्रश्न: मला डोकेदुखीवर अधूनमधून अॅस्पिरिन घ्यायची सवय आहे. त्याने काही अडेल?

प्रतिसाद ३

आत्ताच्या रक्ताला अडणार नाही, पण फॉर्मवर लिहा. पुढे इंजेक्शनं सुरू झाली तर अॅस्पिरिन बंद, कारण पेशी काढल्यावर प्लेटलेट काही दिवस खाली जातात आणि अॅस्पिरिन त्यांना आणखी निकामी करतं. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही त्यांना विचारून. आणि मधल्या काळात गरोदरपणाचा विचार असेल तर तो आजच सांगा, त्यावरून तुमचं नाव तात्पुरतं बाजूला ठेवतात.