मदत हवी आहे: पडद्यावर बोल्ट खोलून हात तयार होतो का?

नमस्कार मंडळी. भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होतो, आता निवृत्त होऊन अमळनेरला असतो. पुतण्या वायुसेनेत टेक्निशियनचं ट्रेनिंग घेतोय. (विमान कोणतं, तळ कोणता ते विचारू नका, त्यानं मलाही सांगितलेलं नाही.) दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, सध्या बरंचसं सिम्युलेटरवरच चाललंय. पडद्यावर पॅनलला बोट लावलं की उघडतं, बोल्टला लावलं की बोल्ट बाहेर. जाम झालाय, पाना घसरतोय, बोटं सोलली, असलं काही नाही. आमच्या आईनं ऐकून घेतलं आणि अहिराणीत एवढंच विचारलं, "टीव्ही दखीसन इमान नीट व्हई का रे भाऊ?"

माझ्याही मनात तेच होतं, पोराचा हिरमोड नको म्हणून गप्प बसलो. पुढच्या सुट्टीत त्याला घरीच सरावाचं टेबल लावून द्यावं म्हणतो. व्हाइस आहे, जुना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळायचा) आहे. नेमकं काय करून घेऊ?

प्रतिसाद:
काका, विमानाच्या इंजिनांवर काम केलंय म्हणून सांगतो, सिम्युलेटरला नावं ठेवू नका. इंजिन सुरू करताना हॉट स्टार्ट झाला तर तापमान भराभर चढतं, इंधन तोडायला काही सेकंदच मिळतात. खऱ्या इंजिनवर हे शिकवायचं म्हणजे टर्बाइनची पाती जाळायची. इजेक्शन सीटच्या (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) सेफ्टी पिना बघितल्याशिवाय कॉकपिटमध्ये वाकायचं नाही, हेही तिथंच अंगवळणी पडलेलं बरं. आणि बिघाड शोधायला शिकवायचं म्हणून धडधाकट विमानाची वायर कोण तोडून देईल?

हाताचं मात्र तुमचं खरं आहे. लॉकवायर करून घ्या, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून पिळून बांधायची. 0.8 मिमीची तार, इंचाला 6 ते 8 पीळ. तारेची ओढ बोल्ट आवळला जाईल अशीच हवी, उलटी बसली तर तार असून नसल्यासारखी. शेपूट आत वळवायची, नाहीतर पुढच्याचा हात फाटतो. कापलेले तुकडे मोजून डबीत टाकायचे. इंजिननं एखादा ओढला तर संपलंच.

धागाकर्ता:
आभारी आहे. आम्ही नट सैल होऊ नये म्हणून जास्त करून स्प्लिट पिनाच (भोकातून घालून टोकं वाकवायची दुपाखी पिन) मारायचो. डोक्याला भोक असलेले बोल्ट इथं मिळत नाहीत, साध्यालाच ड्रिल मारलं तर?

प्रतिसाद:
सरावापुरतं चालेल. पण तो जुना टॉर्क पाना आधी तपासून आणा, नाहीतर पोरगं ठरलेला जोर लागला की पाना जो 'कट्ट' आवाज करतो, तो चुकीचा असला तरी बरोबर समजून बसेल.