प्रोग्रामिंग न शिकता वाचनालयाचे ॲप

प्रश्न: आमच्या वाचनालयातील देवघेव गूगल शीट्समध्ये नोंदवली जाते. प्रोग्रामिंग न येणाऱ्या ग्रंथपालांना त्यावरून स्वतःचे वेब ॲप्लिकेशन तयार करता येईल का?

उत्तर १: निश्चितच. गूगलने २०२० मध्ये विकत घेतलेले ॲपशीट हे प्रोग्रामिंगशिवाय ॲप बनवण्याचे साधन थेट शीटवरच चालते. मात्र पुस्तके, सभासद आणि देवघेव यांचे तक्ते आधी वेगळे करून प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक द्यावा. खरे कष्ट तिथेच आहेत आणि ते कृपया टाळू नयेत.

उत्तर २: बबल या तशाच दुसऱ्या साधनामध्ये मांडणीचे स्वातंत्र्य अधिक आहे, परंतु तिथे बांधलेले ॲप्लिकेशन इतरत्र हलवता येत नाही, केवळ माहिती बाहेर काढता येते.

प्रश्नकर्ते: आभारी आहे. सभासदांचे फोन क्रमांक इतरांना दिसू नयेत, यासाठी काय करावे?

उत्तर १: ॲपशीटमध्ये नुसता रकाना लपवणे पुरेसे नाही. सिक्युरिटी फिल्टर लावल्यास इतरांच्या नोंदी सभासदाच्या फोनपर्यंत पोहोचतच नाहीत.