अनुभव धागा: 'नादेशिको' बघून हसलात की चिडलात?

गेल्या आठवड्यात भाच्याला 'नादेशिको' ही जपानी ॲनिमेशन मालिका बघायला बसवलं. तिसऱ्या भागाच्या शेवटी एक लाडकं पात्र गोळी लागून मरतं. तो भाग संपला तेव्हा भाचा माझ्याकडे असा बघत होता, जणू गोळी मीच झाडली. "मामा, विनोदी आहे म्हणाला होतास ना?" म्हणालो होतो, अजूनही म्हणतो. पण त्याला पटेल असं उत्तर काही सुचेना, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'किदो सेन्कान नादेशिको', २६ भाग, टीव्ही टोकियोवर ऑक्टोबर १९९६ ते मार्च १९९७. दिग्दर्शक तात्सुओ सातो, स्टुडिओ झेबेक. कथेतलं साल २१९६. गुरू ग्रहाकडून आलेल्या 'सरड्यांनी' मंगळ गिळलाय. पृथ्वीवरची एक खासगी कंपनी स्वतःची युद्धनौका बांधते आणि माणसं निवडताना एकच गोष्ट बघते: हातात कसब हवं, डोकं फिरलेलं असलं तरी चालेल. त्यामुळे सुकाणूवर कुणा साहेबाची माजी सेक्रेटरी, संदेशयंत्रावर माजी आवाज-कलाकार, संगणकावर अकरा वर्षांची पोर. रोबॉट चालवणारा नायक अकितो मुळात स्वयंपाकी. तोही मनाविरुद्ध रोबॉटमध्ये बसणारा.

नाव नको. गाव, पाहिल्याचं साल आणि खरं मत लिहा. रहस्यं फोडायला परवानगी आहे, मालिकेला तीस वर्षं होत आली.

डोंबिवली, २००४

होस्टेलवर मित्राने सीडींची चळत दिली होती, तीत दोन भाग चालतच नव्हते. तुमच्या भाच्याचं दुःख समजू शकतो. जहाजावरचा रोबॉटचालक गाई दाईगोजी! खरं नाव जिरो यामादा, पण 'दाईगोजी हे माझ्या आत्म्याचं नाव' म्हणणारा. पहिल्याच भागात रोबॉटकडून ऐटीत पवित्रा घ्यायला लावतो आणि स्वतःचा पाय मोडून घेतो. असा माणूस कधी मरतो का? आणि मरतो तो लढाईत नाही. जहाजावरून पळ काढणाऱ्यांच्या वाटेत येतो म्हणून. छातीवर हात ठेवून शेवटचं भाषण वगैरे काही नाही.

मला त्याच्या मरणापेक्षा पुढचं जास्त लागलं. जहाजावर बाकी सगळे दोन दिवसांत पुन्हा थट्टामस्करीत. अकितो एकटा घुसमटतो. मी तेव्हा लेखकांना शिव्या घातल्या होत्या. नंतर नोकरीला लागलो. ऑफिसात एक सहकारी अचानक गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर नवा माणूस, आणि डबा खाताना आम्ही क्रिकेटवर बोलत होतो. त्या दिवशी शिव्या परत घेतल्या. पण मालिका पुन्हा पाहिली नाही, ते जमलं नाही.

जळगाव, २००७

मी ती भारनियमनात पाहिली आहे, त्यामुळे मत जरा वेगळं. यातल्या रोबॉटांमध्ये स्वतःचं वीजयंत्रच नाही. जहाज गुरुत्वलहरींचा झोत सोडतं, त्यावर ते चालतात. झोताच्या पल्ल्याबाहेर गेलात की बॅटरीवर, आणि बॅटरी संपली की जागीच ठोंब्या. शिवाय जहाजाचं मुख्य इंजिन निर्वातात उत्तम, हवेत मात्र कुंथतं. खेळण्यांच्या जाहिरातीसारख्या मालिकेत एवढा विचार! लढाई ऐन रंगात आली की आमच्याकडे दिवे जायचे. मी आणि धाकटा भाऊ अंधारात ओरडायचो, "पल्ल्याबाहेर गेलो रे!"

प्रेमप्रकरणं मात्र पळवत पाहिली. एका स्वयंपाक्यामागे किती जणी लागाव्यात याला काही धरबंध?

पुणे, २०११

जपानी शिकत होते. सरांनी सांगितलं की कान तयार करायला मालिका बघा, म्हणून ही निवडली. फायदा एवढाच झाला की पहिलं वाक्य पाठ झालं ते संगणकावरच्या पोरीचं, रुरीचं, 'बाका बाक्का'. सगळे मूर्खच मूर्ख. वर्गात म्हटलं तर सर हसले आणि म्हणाले, परीक्षेत लिहू नका.

नावातली गंमतही तिथेच कळली. नादेशिको हे फूल. 'यामातो नादेशिको' म्हणजे सोशिक, मर्यादशील जपानी स्त्रीचा जुना आदर्श. आणि या नावाच्या जहाजावर एकही बाई तशी नाही! कंपनीच्या करारात कलम असतं, प्रेमात हात धरण्यापलीकडे जायचं नाही. त्यावर सगळं जहाज बंड करतं. त्याच सुमारास कप्तान युरिका मृतांच्या अंत्यविधींना पुरोहित म्हणून उभी, ज्याचा जो धर्म त्या पद्धतीने, एकामागून एक, थकून झोप येईपर्यंत. मी हसत होते आणि हसू गिळत होते.

रुरीबद्दल मात्र मन कायम द्विधा. मला ती फार आवडते. प्रयोगशाळेत घडवलेली, कंपनीने विकत आणलेली ही मुलगी, सगळ्या वेड्यांत एकटी शहाणी. पण अकरा वर्षांच्या पोरीचे पोस्टर भिंतीवर लावणारे थोराड चाहते बघितले की अंगावर काटा येतो. मालिकेला ते कळत नव्हतं असं नाही. कळून तिने ते विकलं, असं माझं मत.

न्यू जर्सी, २००२

इथे डीव्हीडीवर पाहिली, नवऱ्याच्या आग्रहाने. मी इंजिनिअर, तेव्हा चमूत एकटी बाई. युरिका युद्धाच्या सराव-लढायांत कधीच न हरलेली, हे ऐकून मी सरसावून बसले. पुढे तोंड उघडलं की "अकितो! अकितो!" चार भागांनंतर नवरा मला तसाच हाक मारायला लागला. भांडण झालं. बाईला हुशार दाखवायचं आणि मग हुशारीची भरपाई म्हणून तिला बावळट करायचं, हा हिशोब मला चुकता करावासा वाटतो. विनोद आहे, कळतं मला. तरी.

कोल्हापूर, २०१५

सहा भाग. सोडली. आवाज फार करतात.

ठाणे, २००९

वय सांगतो म्हणजे मुद्दा कळेल: पन्नाशी उलटली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' लागायचा. मनगटी घड्याळात बोललं की अगडबंब यंत्र उडत येणार, आणि शेवटी पृथ्वी वाचवताना ते यंत्र स्वतःचा बळी देणार. आमच्या चाळीत तो भाग संपल्यावर पोरं जेवली नव्हती. मी तर वडिलांच्या बंद पडलेल्या एचएमटीत कित्येक महिने बोलत होतो.

म्हणून 'नादेशिको'तला 'गेकिगांगर ३' बघून मी पार विरघळून गेलो. ती कथेतली जुनी मालिका, सत्तरच्या दशकातल्या रोबॉट मालिकांची नक्कल. तीन गडी, एक जोडयंत्र, किंचाळून डाव टाकायचे. गाई तिचा भक्त, त्याच्यापायी अकितोही. इथवर ती टिंगल वाटते. मग कळतं की गुरूवरचे 'सरडे' माणसंच आहेत. शंभर वर्षांपूर्वी चंद्रावरून हाकललेल्या लोकांचे वंशज. त्यांच्याकडे पृथ्वीचं म्हणून जे उरलं त्यात हा 'गेकिगांगर', आणि त्यांनी त्याचीच पोथी केली. शत्रुपक्षाचा त्सुकुमो आणि आपला अकितो एकाच मालिकेचे वेडे निघतात. मी टाळी वाजवली. वाटलं, झालं, आता मिटलं.

नाही मिटत. तह करायला आलेल्या त्सुकुमोला त्याचाच जिवलग मित्र मारतो, तोही गेकिगांगरभक्त! एकच पोथी, पण एकाने तिच्यातून मैत्री घेतली आणि दुसऱ्याने न्यायाचा अहंकार. ही मालिका 'इव्हँजेलियन' या गाजलेल्या, काळोख्या रोबॉट मालिकेनंतर सहाच महिन्यांनी त्याच वाहिनीवर आली. लोक म्हणतात की ही त्यावरचा उतारा. मला विचाराल तर हीच जास्त कडू आहे, फक्त साखरेत घोळलेली.

शेवट फसलाय, हेही सांगतो. सगळ्या भांडणाचं मूळ असलेले अवशेष दूर अंतराळात पाठवून द्यायचे, चुंबन घ्यायचं, समाप्त. युद्धाचं काय झालं? आमच्याकडे गल्लीतला वाद असा मिटवतात: ज्या चेंडूवरून भांडण, तो नाल्यात टाकायचा.

मालवण, २०२१

माझी खानावळ आहे. मालिका मुलाने लावली होती, मी कांदा चिरता चिरता बघत असे. अकितो पोरगा मला पटला. बंदूक नको, कढई दे म्हणणारा. मग याच मालिकेवरचा १९९८ चा चित्रपट पाहिला. मुलगा म्हणाला होता, "बाबा, ह्यात हसूक काय नाय हां." खरंच नव्हतं. लग्न करून निघालेली अकितो-युरिकाची जोडी अपघातात गेली असं सगळे धरून चालतात, आणि अकितो परत येतो तो काळ्या पोशाखात, सूडाने पेटलेला. त्याच्यावर असे प्रयोग झालेत की जिभेची चवच गेलीय. सोळा वर्षांच्या रुरीला तो आपल्या रामेनची, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांची, पाककृती देतो. आपण जगलो याचा पुरावा म्हणून. ती त्याला म्हणते की तू नुसता रुबाब करतोयस.

मला त्याच वर्षी कोविड झाला होता. दीड महिना वास नाही, चव नाही. सोलकढी आणि कोमट पाणी यांत फरक कळेना. बायको मीठ बघायची, मी नुसता अंदाजाने कोकम पिळायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, झक्कास!" आणि मला त्या झक्कासचा राग यायचा. त्या प्रसंगाला मी उठून मागच्या पडवीत जाऊन बसलो. मुलाला वाटलं, बाबांना कंटाळा आला.

चित्रपटावर माझा रागच आहे. विनोदाची गोष्ट सांगायला बसलात, तर त्या पोराला निदान कढईपाशी परत आणायचं होतं. रुरी म्हणते की तो येईल, नाही आला तर आपण मागे जाऊ. तिथेच संपतो. पुढे कोणी गेलं का मागे?

नाशिक, २०१९

मालवणच्या काकांनी लिहिलंय त्यावर मी काही बोलत नाही. मला फक्त जहाजावरची शास्त्रज्ञ इनेस आवडते. कुणी न विचारता फळा घेऊन 'स्पष्टीकरण' द्यायला येणारी. आमच्या घरात आत्या तशी आहे. पण पहिल्या भागात अकितोने जिला संत्रं दिलं ती छोटी मुलगी म्हणजेच ही, हे कळल्यापासून आत्याला "पुरे आता" म्हणायची हिंमत होत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांना उत्तरं सावकाश देतो. भाचा रुसवा सोडून चौदाव्या भागापर्यंत पोचलाय, ज्यात उलट गेकिगांगरमधली मंडळीच 'नादेशिको' बघत बसतात. खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. मग विचारलं, "ह्यांच्यात गाई असता तर त्याला किती आवडलं असतं ना?" मी पाणी प्यायला उठलो.

चित्रपट आहे हे त्याला अजून सांगितलेलं नाही. मालवणचं वाचल्यावर तर जीभच वळेना. शेवटच्या भागानंतर किती दिवस मध्ये सोडू? की त्याच रात्री दाखवून मोकळा होऊ?