पॅसिफिकच्या तळाचं मॉडेल, स्केलमध्ये अडकलोय, मदत हवी आहे

राम राम मंडळी, रावेरकडून लिहितोय. भाचीला विज्ञान प्रदर्शनात पॅसिफिक महासागराचा तळ दाखवायचाय, चार फूट रुंद प्लायवर. केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे आमच्याकडे ढिगाने पडलेत, तेच कापून थरावर थर चिकटवायचे असं ठरलं. पण इंडोनेशिया ते कोलंबिया अंतर सुमारे १९,८०० किमी, म्हणजे १ सेंमीला जवळपास १६० किमी आले, आणि त्याच स्केलने मरियाना गर्ता, जी जवळपास ११ किमी खोल, ती एक मिलिमीटर पण भरत नाही हो! नखाने ओरखडा काढल्यागत दिसेल.

मग ५ मिमीचा एक थर म्हणजे १००० मीटर धरला तर उभं स्केल ८० पट वाढतं. एवढं वाढवलेलं चालतं का, की परीक्षक नावं ठेवतील? पाटीवर लिहू म्हणा तसं.

दुसरं, भाचीचं म्हणणं सगळ्यात खोल भाग मधोमध पाहिजे, तिला समजावलं की गर्ता कडेला असतात कारण तिथेच पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीच्या खाली घुसते, आणि मध्ये तर उलट हवाईचे डोंगर वर आलेत, मौना केआ पाण्यावर ४,२०७ मीटर आणि त्याहून जास्त पाण्याखाली. पटलं बहुतेक.

आता १८० रेखांश मधोमध असलेला मोठा कोरा नकाशा कुठे मिळेल? इथल्या दुकानातल्या सगळ्या नकाशांत पॅसिफिक दोन तुकड्यांत कापलेला. आणि वर पाणी म्हणून निळा जिलेटिन पेपर बरा की ॲक्रिलिक शीट? कोणी केलं असेल तर सांगा भो.