ऑड्युबॉनच्या आधीचे दोघे

अमेरिकेतल्या पक्ष्यांचा चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन याच्या ४३५ चित्रांचं जे कौतुक होतं त्याच्याशी सहमत आहे, पण तिथल्या पक्ष्यांची सचित्र पुस्तकं त्याच्यापासून सुरू झाली, असं जे म्हटलं जातं ते मात्र पटत नाही. इंग्रज निसर्ग-अभ्यासक मार्क केट्सबीच्या कॅरोलायना-फ्लोरिडाच्या निसर्गावरच्या पुस्तकाचे भाग १७२९ पासूनच येऊ लागले होते. छपाईसाठी चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्या कारागिरांना द्यायला पैसे नाहीत म्हणून तो स्वतःच कोरायला शिकला. पक्षी आणि झाड एकाच चित्रात दाखवायची त्याची पद्धत मला फार मोलाची वाटते. आज नामशेष झालेला कॅरोलायना पोपट त्याच्या पुस्तकात सायप्रसच्या फांदीवर आहे.

आणि अलेक्झांडर विल्सन! स्कॉटलंडचा हा विणकर १७९४ मध्ये अमेरिकेत आला. तिथल्या पक्ष्यांवरचे त्याचे नऊ खंड १८०८ ते १८१४ दरम्यान निघाले, शेवटचे त्याच्या मृत्यूनंतर. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये त्याने हस्तिदंती चोचीचा एक जखमी सुतार पक्षी खोलीत ठेवला होता. त्या पक्ष्याने तासाभरात भिंतीचा गिलावा फोडला, मग ज्या टेबलाला बांधलं तेही. खाणं मात्र शिवलं नाही, तीन दिवसांत मेला. विल्सनने त्याचं चित्र काढलं आणि हे सगळं लिहूनही ठेवलं. ऑड्युबॉनइतकी नजाकत त्याच्या चित्रांत नसेल, पण पक्ष्याबद्दलची इतकी कळकळ मला दुसरीकडे क्वचितच दिसली.