मे महिन्यातल्या पावसाला 'अवकाळी' म्हणावं का?

प्रश्न

एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, तासाभरात रस्ते वाहू लागतात आणि संध्याकाळी पुन्हा लख्ख होतं. बातम्यांत याला कधी अवकाळी, कधी मान्सूनपूर्व, कधी बेमोसमी म्हणतात. 'वळीव' मात्र क्वचितच वाचायला मिळतो. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि 'वळवाचा पाऊस' बरोबर की 'वळिवाचा'?

सांगलीहून

एकाच अर्थाचे अजिबात नाहीत, आणि हा घोळ मनापासून खटकतो. ज्याचा काळ नाही तो अवकाळी. डिसेंबरात घाटे भरत आलेल्या हरभऱ्यावर पडतो तो, फेब्रुवारीत काढणीला आलेल्या द्राक्षघडांवर पडतो तो. वळवाला स्वतःचा काळ आहे. चैत्र सरता सरता सुरू होतो आणि मिरगापर्यंत, म्हणजे जूनच्या सुरुवातीला लागणाऱ्या मृग नक्षत्रापर्यंत, अधूनमधून येत राहतो. तो येणार हे धरूनच रानातली कामं लावलेली असतात. रब्बी निघाली की नांगरट करून रान तापत ठेवायचं. एक दणकून वळीव झाला की उन्हानं कडक झालेली ढेकळं आपोआप विरतात आणि कुळवाची, म्हणजे ढेकळं फोडणाऱ्या औताची, एक पाळी वाचते. मात्र त्यानंतर वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल ओसरून माती मशागतीजोगी होईपर्यंत, रानात औत घालायचं नाही. चिखलात कुळव चालवला तर विरलेली माती पुन्हा वड्यांसारखी आवळते आणि सगळा फायदा जातो.

वळीव नुकसानही करतो. शेडमधला बेदाणा भिजला की काळा पडतो आणि भाव कोसळतो. शिजवून वाळत घातलेली हळद भिजली तर रंग जातो, बुरशी धरते. म्हणून दुपारनंतर पूर्वेला ढग चढताना दिसले की हळदीचे ढीग करून ताडपत्री ओढतात. पण नुकसान केलं एवढ्यावरून त्याला अवकाळी ठरवू नये. तो आपल्या वेळेलाच आलेला असतो.

पुण्याहून

सहमत. 'मान्सूनपूर्व' ही कॅलेंडरवरची विभागणी आहे. हवामान खात्याच्या हिशेबात मार्च ते मे हा मान्सूनपूर्व हंगाम आणि १ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा. त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गारपीटही मान्सूनपूर्वच ठरते, तिला वळीव कुणी म्हणणार नाही. जूनच्या पहिल्या दिवसांतला सोडला तर प्रत्येक वळीव मान्सूनपूर्व असतो, प्रत्येक मान्सूनपूर्व पाऊस वळीव नसतो.

वळीव ओळखायचा तो त्याच्या क्रमावरून. सकाळी ऊन, दुपारी असह्य उकाडा, तीन-चारनंतर उंच वाढत जाणारा ढग. सकाळपासून तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते आणि ती ढगाला आणखी वर ढकलते. असा ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. त्यातून पडणारं पाणी खालच्या कोरड्या हवेत काही प्रमाणात वाफ होऊन जातं, त्यामुळे हवा थंड आणि जड होऊन वेगानं खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून आधी गार वारा, मग धुरळा, मग टपोरे थेंब. हा क्रम नसेल, दिवसभर मळभ आणि रिपरिप असेल, तर तो मे महिन्यात पडला तरी वळीव नव्हे.

शब्द नेमका वापरायची कसोटी २०२५ च्या मेमध्ये लागली. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. त्याआधीच्या कडकडाटी सरींना वळीव म्हणणं योग्य, पण २६ तारखेला मुंबईत जो पडला तो मान्सूनच, महिना कुठलाही असो.

नागपूरहून

वाऱ्याच्या शब्दांतही असाच गोंधळ होतो. वावटळ म्हणजे वादळ नव्हे. कडक उन्हात, बहुतेक वेळा निरभ्र आभाळाखाली, तापलेल्या जमिनीवर धुळीचा भोवरा उठतो ती वावटळ. तिच्यामागून पाऊस येत नाही. पावसाआधी जो झोडपणारा वारा येतो त्याला आमच्याकडे वावधन म्हणतात. आणि वळवाच्या अगदी उलट टोकाला 'झड'. दोन-चार दिवस आभाळ उघडत नाही, पाऊस जोराचा नसतो पण थांबतही नाही. 'झड लागली' असंच म्हणायचं, 'झड पडली' नाही.

रत्नागिरीहून

पाठ्यपुस्तकात 'आम्रसरी' असा गोड शब्द आहे. बागायतदाराला विचारा, तो असं म्हणणार नाही. काढणीच्या दिवसांत पाऊस झाला की हापूसवर करप्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे, काळे ठिपके येतात, फळमाशी वाढते. भिजलेलं फळ लगेच पेटीत भरलं तर आतल्या दमटपणानं सडतं. सावलीत पसरून पूर्ण कोरडं करूनच भरावं लागतं. आमचा खरा शब्द 'आगोट'. पावसाळ्याच्या तोंडावरचे ते दिवस, आणि आगोटीची बेगमी म्हणजे सुकी मासळी, लाकूडफाटा, पापड-कुरडया, कोकमं घरात भरून ठेवणं. पावसाची वाट इतक्या मायेनं बघणारा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही.

साताऱ्याहून

व्याकरणाचा प्रश्न राहिला. दोन्ही रूपं चालू आहेत. 'पाटील, पाटलाचा' या वळणानं 'वळवाचा', 'गरीब, गरिबाचा' या वळणानं 'वळिवाचा'. बोलण्यात 'वळवाचा' जास्त ऐकू येतं आणि मला तेच जवळचं वाटतं. पण 'वळिवाचा' लिहिणाऱ्याला चूक म्हणू नये. 'वळीवाचा' असं दीर्घ मात्र लिहू नका.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आणखी एक. 'मृद्गंध' फक्त पहिल्याच पावसाला म्हणायचं का?

पुण्याहून

शब्दाला तशी अट नाही, वासालाच आहे. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. थेंब सच्छिद्र कोरड्या मातीवर आपटला की खाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर फुटताना अतिसूक्ष्म तुषार उडवतात आणि वास त्यांच्याबरोबर पसरतो. हलक्या ते मध्यम सरीत हे सर्वांत चांगलं घडतं. पाऊस धो धो कोसळला किंवा माती आधीच चिंब असली की बुडबुडे तयार व्हायला वाव राहत नाही. म्हणून वळवाच्या सुरुवातीच्या थेंबांना जो वास येतो तो आषाढातल्या संततधारेला येत नाही. दोन पावसांत मोठी उघडीप पडून माती वाळली तर भाद्रपदातही मृद्गंध येतो, आणि तेव्हाही खुशाल तोच शब्द वापरा.

सांगलीहून

एक गोष्ट जोडतो, कारण इथे शब्द चुकला तर बियाणं वाया जातं. मेअखेरच्या जोरदार वळवाला 'पाऊस लागला' म्हणू नये. 'लागला' म्हणजे आता टिकून पडणार. वळीव एका शिवारात पडतो, बांधापलीकडे कोरडं ठाक. वरची चार बोटं ओली होतात, खाली तापलेली माती तशीच असते. त्यावर पेरलं तर बी उगवतं, पुढे पंधरा दिवस उघडीप पडते आणि कोंब करपतात. मग दुबार पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल उतरल्याशिवाय सोयाबीन पेरू नये हा कृषी खात्याचा सल्ला याचसाठी आहे. धूळवाफेवर भात पेरतात ती पद्धत वेगळी. तिथे बी मुद्दाम कोरड्या मातीत टाकून पावसाची वाट बघतात, पण अर्धवट ओल झाली तर तिथेही तोच धोका आहे.